मोम आणि मेण: दिसतात भावंडं, पण आहेत का?

भाचीनं परवा फोनवर विचारलं, “मामा, हिंदीतल्या ‘मोम’चंच मराठीत ‘मेण’ झालं ना?” अर्थ तोच, आरंभीचा ‘म’ही तोच, तेव्हा असं वाटणं साहजिक आहे. याआधीही दोघातिघांनी मला हेच विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाही. ‘मोम’ फारसी आहे. इस्लामपूर्व इराणच्या पहलवी भाषेतही तो ‘मोम’च होता, आजच्या तेहरानमध्ये उच्चार ‘मूम’ असा होतो. ‘मेण’ मात्र संस्कृत ‘मदन’पासून आलं. हा मदन म्हणजे कामदेव नव्हे. मधमाशीच्या मेणालाही संस्कृतात मदन म्हणत. त्याचं प्राकृतात मयण झालं आणि मराठीत मेण. ही वाट ओढूनताणून काढल्यासारखी वाटत असेल तर ‘कदली’ची ‘केळ’ कशी झाली ते बघा. मधला ‘द’ गळाला, तिथं ‘य’ आला आणि ‘अय’चा ‘ए’ झाला. दोन्ही शब्द एकाच साच्यातून निघालेत.

संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’ असंही नाव आहे, म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेलं उष्टं. मला हा शब्द फार आवडतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या १२व्या शतकातल्या ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर माती लिंपून, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, ही सगळी कृती आलेली आहे. म्हणजे दख्खनला मेणाची ओळख व्हायला फारसीची वाट बघावी लागली नव्हती.

आता मोम कुठं कुठं गेला? आर्मेनियन भाषेत मेण आणि मेणबत्ती दोन्हींना ‘मोम’च म्हणतात. तुर्कीत त्याचा ‘मुम’ झाला. तिथंही मेण म्हणजे मुम आणि मेणबत्तीही मुमच. त्यामुळे मधमाशीचं मेण असं नेमकं सांगायचं तर ‘बालमुमु’ म्हणावं लागतं, ‘बाल’ म्हणजे मध. खोटारड्याची मेणबत्ती रात्रीच्या नमाजापर्यंतच जळते, अशी तुर्की म्हण आहे. गंमत म्हणजे खुद्द इराणात मेणबत्तीला मोम म्हणत नाहीत, अरबीतून घेतलेला ‘शम्अ’ म्हणतात. तीच आपल्या गझलेतली शमा.

आपल्या बाजूला उर्दू, हिंदी आणि बंगालीनं मोम घेतला. हिंदीत मोमबत्ती, बंगालीत मोमबाती. पण नेपाळी ‘मैनबत्ती’ म्हणते, गुजराती ‘मीणबत्ती’, सिंधीत ‘मेण’ आहे आणि कन्नडमध्येही ‘मेण’च. फारसीच्या वाटेवरच बसलेल्या सिंधीनंसुद्धा जुना शब्द सोडला नाही, याचं मला विशेष वाटतं.

मराठीनं तरी मोम का घेतला नसावा? कागद, शाई, दुकान, जमीन घेताना आपण मुळीच हात आखडला नव्हता. ‘आपल्याकडे शब्द होता म्हणून’ हे उत्तर अपुरं आहे, कारण हिंदीतही ‘मैन’ होताच, तरी मोम त्याच्या डोक्यावर बसला. मला वाटतं, आपलं मेण घरात फार आतवर होतं. माझ्या आजीच्या फणेरपेटीत मेणाची चपटी पितळी डबी असायची. आंघोळ झाली की ती बोटाच्या टोकावर जरासं मेण घ्यायची, कपाळावर गोल फिरवायची आणि त्यावर चिमटीनं पिंजर दाबायची. मग पदराच्या टोकानं कड पुसून तो गोल नीट करायची. रोज सकाळी आरशासमोर लागणारी वस्तू दुसऱ्या नावानं कोण मागणार? तुकोबांनाही विष्णुदासांचा मऊपणा सांगायला ‘मऊ मेणाहूनि’ असंच सुचलं.

जाता जाता एक इशारा. माणसं वाहून नेणारा ‘मेणा’ अस्सल मराठी दिसतो, पण तोच फारसी आहे, ‘मियाना’वरून आलेला. त्याचा मेणाशी काही संबंध नाही.

मोम मात्र वेगळ्या दारानं आपल्याकडे आलाच. इराणातल्या डोंगरांत खडकातून पाझरणाऱ्या काळ्या, डांबरासारख्या पदार्थाला मोमवरून ‘मूमिया’ म्हणत. मोडलेल्या हाडांवर ते नावाजलेलं औषध होतं. इजिप्तमधल्या जतन केलेल्या प्रेतांवरचा काळा राळेसारखा लेप तसाच दिसे, म्हणून त्यालाही तेच नाव पडलं. युरोपात तर अशी प्रेतं दळून औषध म्हणून विकली जात. फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाज पारे यानं १५८२मध्ये त्याविरुद्ध लिहिलं. लेपाचं नाव पुढं प्रेतालाच चिकटलं आणि ‘ममी’ झालं. रशियनमध्ये हाच शब्द ‘मुमियो’ म्हणून शिलाजितासाठी वापरतात. हिंदीत ‘मोमियाई निकालना’ म्हणजे एखाद्याला बेदम चोपणं.

आणि आपली समई? तिचा संबंध वर आलेल्या ‘शमा’शी जोडतात, आणि मला तो पटतो. शम्अचा अरबीतला मूळ अर्थ मेण. म्हणजे देवघरात तेलावर जळणाऱ्या दिव्याच्या नावातही मेण आहे, फक्त ते आजीच्या डबीतलं नव्हे.

कुंकवाखालच्या मेणाला तुमच्याकडे वेगळा शब्द होता का? कोकणात, खानदेशात, वऱ्हाडात, बेळगावकडे? घरातल्या मोठ्यांना विचारून जरूर लिहा.