मदत हवी आहे: सुपरहीटर ट्यूबना आतून ॲल्युमिनाइड कोटिंग करावं का?

नमस्कार मंडळी,

मी 660 मेगावॉटच्या एका सुपरक्रिटिकल (अतिउच्च दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या) वीज युनिटवर बॉयलर मेंटेनन्सला आहे. ओव्हरहॉलसाठी नव्या ट्यूबची ऑर्डर निघायची आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला लवकर हवाय.

शटडाउननंतर युनिट लाइट-अप केलं (बॉयलर पेटवला) आणि फायनल सुपरहीटरची, म्हणजे वाफ शेवटची तापवणाऱ्या भागाची, ट्यूब फुटली. खालचा यू-बेंड कापला तर आत काळ्या-करड्या पापुद्र्यांचा खच. नखाएवढे चपटे तुकडे, चुंबक जवळ नेला की टपाटप चिकटतात. ट्यूब 347एच स्टेनलेस स्टीलची, तिला स्वतःला चुंबक धरत नाही, म्हणजे हा वाफेने आतून चढवलेला ऑक्साइडच. गार होताना हे स्टील ऑक्साइडपेक्षा जास्त आकसतं, पोपडे सुटतात, बेंडमध्ये साचतात. मग वाफेची वाट अडते आणि ट्यूब तापून फुटते. जे पोपडे पुढे निघून जातात ते टर्बाइनची ब्लेड झिजवतात. सोलरमुळे हल्ली दुपारी लोड खाली, संध्याकाळी वर, मधेच युनिट बंद. अशाने हा त्रास वाढणारच, याची मला खरी काळजी आहे.

एक पुरवठादार म्हणतो, 347एच आणि टी-91 (9 टक्के क्रोमियमचं स्टील) दोन्हींना आतून ॲल्युमिनियमची स्लरी (पातळ लगदा) फिरवून भट्टीत भाजून ॲल्युमिनाइडचा लेप देतो. प्रयोगशाळेत 650 अंशांच्या वाफेत असे लेप छान टिकलेत, हे मी वाचलंय. पण साइटवर वेल्डिंगचं काय? टी-91च्या हीट ट्रीटमेंटला धक्का लागतो का? आणि क्रोमायझिंग (पृष्ठभागात क्रोमियम मुरवणं) जास्त बरं का?

प्रतिसाद 1

दोन्ही स्टीलला एकच औषध देऊ नका.

टी-91चं टेंपरिंग (कडक स्टील पुन्हा तापवून चिवट करणं) 730 अंशांच्या वर होतं. स्लरी 700च्या आसपास भाजली तर मूळ गुणधर्म शाबूत राहतात. क्रोमायझिंगला हजार अंशांच्या घरात जावं लागतं, म्हणजे नंतर नॉर्मलायझिंग-टेंपरिंगची सगळी हीट ट्रीटमेंट पुन्हा आलीच. त्यात लांब ट्यूब वाकड्या होतात, मी तरी त्या वाटेला जाणार नाही. वेल्डच्या टोकांना मात्र लेप नको, ॲल्युमिनियम वेल्डमध्ये उतरलं तर जोड बिघडतो. तेवढी पट्टी उघडी राहील, पण तिथून सुटणारे पोपडे अगदी थोडे. लोह-ॲल्युमिनियमचा थर ठिसूळ असतो, म्हणून बेंड आधी मारून घ्या, लेप मागाहून. शिवाय चालू तापमानाला ॲल्युमिनियम हळूहळू आत मुरत जातं. लेप जन्मभर पुरेल असं कुणी म्हणालं तर लेखी घ्या.

347एचसाठी आतून शॉट पीनिंग (बारीक छऱ्यांचा मारा) बघा. पृष्ठभाग ठोकून निघाला की क्रोमियम झटकन वर येतं आणि क्रोमियम ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर धरतं. वेगळा लेप नाही, म्हणून सुटायलाही काही नाही. फक्त बेंडिंगनंतर सोल्यूशन ॲनीलिंग (खूप तापवून झटकन गार करणं) केलंत तर पीनिंगचा परिणाम पुसला जातो. क्रम जपा. नाहीतर बारीक दाण्याची 347एचएफजी मागवा.

जुन्या 347एच ट्यूब राहणार असतील तर दर शटडाउनला खालचे बेंड बाहेरून चुंबकीय मापकाने तपासा आणि भरलेले कापून साफ करा. लाइट-अपआधी एवढं झालंच पाहिजे.

धागाकर्ता

मनापासून आभार. क्रमाची अट आजच स्पेसिफिकेशनमध्ये घालतो. आणखी एक सांगा: टी-91च्या बेंडमध्ये आतल्या बाजूला लेप सगळीकडे सारखा बसलाय, हे माल ताब्यात घेताना कसं तपासायचं? नमुना बेंड कापून बघण्याखेरीज दुसरा मार्ग कुणी वापरलाय का?