शब्दचर्चा: सर्व्हरचं 'सर्टिफिकेट', प्रमाणपत्र की दाखला?

बुटीबोरीतल्या आमच्या ऑफिसात एक पायथन स्क्रिप्ट रोज रात्री हजेरीचा तक्ता मेलनं पाठवते. नव्या पोरांसाठी तिची टिपणं मराठीत लिहितोय. मेल सर्व्हर स्वतःची ओळख पटवायला जे 'सर्टिफिकेट' दाखवतो, त्याला 'प्रमाणपत्र' लिहिलं, तर शेजारच्या टेबलावरून आलं, "काहून बे, सर्व्हर वक्तृत्वात पहिला आला का?" तुम्ही काय लिहाल?

▪ दाखला. प्रमाणपत्र भिंतीवर लागतं. दाखला खिडकीवर दाखवावा लागतो. जन्माचा, उत्पन्नाचा, जातीचा. सर्व्हरही ओळख म्हणून तोच पुढे करतो. मूळ अरबी 'दाखिल', म्हणजे आत शिरणारा.

▪ शाळेच्या दाखल्याला नागपुरात 'टीसी'च म्हणतात, पण असो, शब्द चांगला आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढच्या शब्दाबद्दल: पडताळणी. जातीचा दाखला हातात असला तरी समितीकडून वैधता येईपर्यंत इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जीव टांगणीला असतो ना? इथेही तेच. एसएमटीपीलिबमध्ये, म्हणजे पायथनच्या मेल पाठवायच्या लायब्ररीत, नुसती 'स्टार्टटीएलएस()' ही आज्ञा लिहिली की मजकूर कूटबद्ध होतो, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येत नाही, पण दाखल्यावर सही कोणाची, नाव जुळतं का, हे कोणी पाहतच नाही. पाहायला लावायचं तर तिच्या कंसात 'कॉन्टेक्स्ट' (पडताळणीचे नियम) द्या, तोही पायथनच्याच एसएसएल लायब्ररीतल्या 'क्रिएट_डीफॉल्ट_कॉन्टेक्स्ट()'नं बनवलेला. म्हणून टिपणात 'कूटबद्ध'च्या जागी 'सुरक्षित' लिहू नका. भलत्याच माणसाशी कुजबुजलात तरी ती कुजबुजच.

▪ 587 आणि 465 या मेल पाठवायच्या पोर्टांचा (सर्व्हरच्या दारांचा) फरक कसा सांगाल? 587 वर बोलणी उघड्यावर सुरू होतात, मग दार लोटतात, म्हणजे कूटबद्ध करतात. 465 वर पहिल्या शब्दापासून दार बंद. 2018 च्या आरएफसी 8314 नं (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) हीच दुसरी पद्धत पसंत केली. तिला इंग्रजीत 'इम्प्लिसिट', पुस्तकी शब्द 'अंतर्निहित'. मला तो घशाखाली उतरत नाही, मी 'आधीपासून बंद' लिहितो.

▪ (मूळ प्रश्नकर्ता) 'दाखला' घेतला. कॉन्टेक्स्टही घातला आणि काल रात्री मेल अडकला! इतके दिवस स्क्रिप्टमध्ये सर्व्हरचा नुसता आयपी (आकड्यांचा पत्ता) होता, दाखल्यावर मात्र नाव. आयपी काढून नाव टाकलं, तक्ता गेला. आता त्या एररसाठी टिपणात 'नावात तफावत' लिहिलंय. तहसीलच्या खिडकीवर असंच म्हणतात ना?