चौतिसाव्या वर्षी नोकरी सोडून नर्सिंगला प्रवेश घ्यावा का? जाणकारांचा सल्ला हवा आहे

चाकण_पहिली_पाळी

माझे वय ३४ असून येत्या मार्चमध्ये ३५ पूर्ण होतील. गेली बारा वर्षे चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरी करतो. मध्यंतरी कारखान्याच्या प्रथमोपचार पथकात माझे नाव घातले गेले आणि एकदा प्रेसमध्ये बोटे सापडलेल्या सहकाऱ्याला ओएचसीपर्यंत, म्हणजे कारखान्याच्या आरोग्य केंद्रापर्यंत, नेण्याची वेळ माझ्यावर आली. त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत मी तिथेच जाऊन बसू लागलो. तिथले ब्रदर (पुरुष नर्स) ड्रेसिंग कसे बदलतात आणि घाबरलेल्या माणसाशी काय बोलतात हे पाहताना, आपण बारा वर्षे ज्या कामात घातली त्यात आपले मन कधी नव्हतेच, हे हळूहळू लक्षात आले.

१२वी विज्ञान शाखेतून ५४ टक्के गुणांनी उत्तीर्ण आहे, पण गणित ठेवून जीवशास्त्र सोडले होते. पत्नी पतसंस्थेत नोकरी करते, मुलगी दुसरीत आहे आणि भोसरीतील घराचे हप्ते अजून नऊ वर्षे चालायचे आहेत. वडिलांच्या मते हे बायकांचे काम आहे. त्यांच्याशी मी बोलेन. मला विचारायचे आहे ते असे, की या वयात कोणता अभ्यासक्रम शक्य आहे आणि तो पूर्ण केल्यावर पुरुषाला पुण्यात काम मिळते का?

मुठाकाठ

तीन वर्षे घरी बसण्याची गरज नाही. पेठांमध्ये आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सहा महिन्यांचे नर्सिंगचे वर्ग चालतात, तेही शनिवार-रविवारी. माझ्या ओळखीच्या एकाने असा वर्ग केला आणि तो आता एका रुग्णालयात कामाला आहे. नोकरी सांभाळून होईल असे पाहावे.

निवृत्त_पाठ्यनिर्देशिका

वरील सल्ला सद्भावनेने दिलेला असला तरी तो कृपया मानू नये. सहा महिन्यांच्या वर्गातून माणूस फार तर जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे रुग्णसेवेतील मदतनीस होतो. ते काम प्रामाणिक आहे आणि त्याला मागणीही आहे, परंतु तो नर्स नव्हे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याखेरीज कोणालाही नर्स म्हणून काम करता येत नाही, आणि अशा वर्गाच्या प्रमाणपत्रावर ती नोंदणी होत नाही. जाहिरातीत ‘नर्सिंग’ हा शब्द मोठा आणि ‘असिस्टंट’ हा शब्द बारीक छापलेला असतो. माझ्या नोकरीच्या काळात दोन-अडीच लाख रुपये भरून रडत आलेली मुले मी पाहिली आहेत.

आता तुमच्यापुरते. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असते आणि त्यासाठी १२वीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र लागते, त्यामुळे तो मार्ग तुम्हाला बंद आहे. एएनएम (सहायक परिचारिका व प्रसाविका) हा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे. राहता राहिले जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका. ते तीन वर्षांचे असते, १२वीला कोणतीही शाखा चालते आणि इंग्रजी विषयासह ४० टक्के गुण पुरतात. मात्र भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार प्रवेशासाठी कमाल वय ३५ वर्षे आहे, आणि बी.एस्सी.लाही हीच मर्यादा आहे. म्हणजे तुमच्यापुढे विचार करायला फार अवधी नाही. वय कोणत्या तारखेला मोजतात हे यंदाच्या माहितीपुस्तिकेत स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, कारण मार्चच्या वाढदिवसामुळे तुमचा प्रवेश नेमका त्या ओळीवर अडू किंवा सुटू शकतो. संस्थेच्या कार्यालयातील तोंडी आश्वासनावर विसंबून शुल्क भरू नये.

दुसरी गोष्ट अशी की, पुण्यातील अनेक नर्सिंग शाळा आणि त्यांची वसतिगृहे केवळ मुलींसाठी आहेत. वानवडीच्या एएफएमसीचे (सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे) नाव पुण्यात सर्वांच्या तोंडी असते, पण तिथले बी.एस्सी. नर्सिंग फक्त मुलींसाठी आहे, कारण लष्करी परिचर्या सेवेत पुरुषांना घेत नाहीत. म्हणून प्रथम मुलांना प्रवेश देणाऱ्या संस्थांची यादी करावी, मग ती परिचर्या परिषदेच्या आणि राज्याच्या परिचर्या शिक्षण मंडळाच्या मान्यता यादीशी ताडून पाहावी. रुग्णालय स्वतःचे आहे की भाड्याने दाखवलेले, हेही विचारावे. जिथे रुग्णच नाहीत तिथे तीन वर्षे केवळ वह्या भरल्या जातात.

रात्रपाळी_ब्रदर

मी एकतिसाव्या वर्षी जीएनएमला बसलो. त्याआधी मी औषधविक्रीचा प्रतिनिधी होतो. आता पुण्यातील एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नऊ वर्षे झाली आहेत.

काम मिळते का, तर मिळते. आयसीयू, कॅज्युअल्टी (तातडीच्या उपचारांचा विभाग), अस्थिरोग, डायलिसिस आणि मानसोपचार या विभागांत ब्रदर हवेच असतात. मात्र त्यामागचे एक कारण मला आवडत नाही: ऐंशी किलोच्या रुग्णाला कुशीवर वळवायचे असले की तीन वॉर्डांतून एकाच ब्रदरला हाक जाते. पहिल्या दोन वर्षांत माझी कंबर त्यामुळेच दुखावली. उचलण्याची पद्धत शिकवतात ती नीट शिकावी आणि एकट्याने उचलण्यास नम्रपणे नकार द्यावा.

पुरुष म्हणून वाटणारा संकोच बाहेरच्यांना जेवढा वाटतो तेवढा वॉर्डात राहत नाही. पुरुष रुग्णाला कॅथेटर घालताना तो उलट सुटकेचा श्वास सोडतो. स्त्री रुग्णाच्या बाबतीत आधी विचारायचे, पडदा ओढायचा, सोबत एक सिस्टर उभी करायची, आणि ती नको म्हणाली तर वाईट वाटून न घेता बाजूला व्हायचे. प्रसूतीकक्षातील शिकाऊ दिवस मात्र अवघड गेले, कारण कित्येकदा दाराबाहेरच उभे राहावे लागले. लोक काय हाक मारतात याचीही सवय होते. कोणी डॉक्टर म्हणतो, कोणी वॉर्डबॉय समजून मामा म्हणतो. ब्रदर म्हणणारे त्या मानाने थोडे.

मला खरा त्रास वयाचा झाला. वर्गातील मुले अठरा वर्षांची होती आणि शिकवणारी मॅडम माझ्याहून चार वर्षांनी लहान. कंपनीत दहा माणसे हाताखाली असलेल्याला इनचार्ज सिस्टरने सर्वांसमोर बेडपॅनवरून बोलणे पचवावे लागते. ते पचले नाही म्हणून माझ्या बॅचमधील दुसरा मोठ्या वयाचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी निघून गेला. अभ्यासात तो माझ्यापेक्षा हुशार होता.

नोकरीचे गणितही आधीच मांडून ठेवावे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३० आहे आणि तिथे पुरुषांना जागाही २० टक्केच आहेत, तेव्हा ते दार बंद. राज्य शासनाच्या भरतीत खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा आहे. अभ्यासक्रम आणि नोंदणी उरकेपर्यंत तुम्ही अडतिशीला टेकलेले असाल. तुम्ही खुल्या प्रवर्गात असाल तर ३५,४०० रुपये मूळ वेतनाच्या त्या सरकारी जागेसाठी हातात जेमतेम एखादी भरती उरेल, आणि भरती दरवर्षी निघतेच असे नाही. त्यामुळे हा निर्णय खासगी क्षेत्र धरूनच घ्यावा.

हिशेब_आधी

खासगीत सुरुवातीला नक्की किती मिळते, हे कोणी आकड्यात सांगेल का? हप्ते असलेल्या माणसाला बाकी सर्व गोष्टी नंतर सुचतात.

सिंहगड_रस्ता_२

माझे यजमान ब्रदर आहेत आणि त्यांनीही उशिराच शिक्षण घेतले, म्हणून उत्तर देते. त्यांना पहिल्या रुग्णालयात महिना १६ हजार रुपये मिळाले. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशांनंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांसाठी शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सला किमान २० हजार द्यावेत, आणि २०० हून अधिक खाटा असतील तर शासकीय नर्सइतके वेतन द्यावे. कागदावर ती आहे. आमच्या घरी ती आली नाही. शिवाय त्या रुग्णालयाने मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती आणि ती परत मिळवण्यासाठी आम्हाला दोन महिने खेटे घालावे लागले. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नयेत, एवढे मी आग्रहाने सांगेन.

शिक्षणाची तीन वर्षे माझ्या एकटीच्या पगारावर निघाली. सकाळी वर्ग, दुपारी वॉर्ड आणि वर्षाच्या काही भागात रात्रपाळी असे असल्याने जोडीला अर्धवेळ नोकरी जमत नाही. त्यांनी प्रयत्न केला आणि हजेरी कमी भरली. तुमच्या पत्नीने हा प्रश्न वाचला आहे का? वाचला नसेल तर आधी त्यांना दाखवावा, कारण तीन वर्षे घर चालवणार त्या आहेत.

रात्रपाळी_ब्रदर

सिंहगड रस्ता यांच्या आकड्यांशी मी सहमत आहे. आयसीयूचा तीन-चार वर्षांचा अनुभव जमल्यावर परिस्थिती पालटते, पण ती वर्षे काढावी लागतात. जर्मनीचीही चर्चा आता बरीच आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला आणि त्यात नर्सही आहेत. परंतु तिथे पूर्ण नोंदणीसाठी बी-२ पातळीचे जर्मन लागते. माझे दोन सहकारी रात्रपाळी संपवून बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात जात, आणि त्यांपैकी एकच शेवटपर्यंत टिकला.

तुमच्याकडे इतरांकडे नसलेली एक गोष्ट मात्र आहे. कारखाने अधिनियम, १९४८ ने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात वैद्यकीय व परिचर्या कर्मचाऱ्यांसह कक्ष ठेवणे सक्तीचे केले, तेव्हापासून औद्योगिक पट्ट्यात ओएचसीत ब्रदरना काम आहे. चाकण आणि रांजणगावला तिन्ही पाळ्यांत माणूस लागतो. प्रेस, वेल्डिंग, रसायने यांत कुठे काय इजा होते हे तुम्हाला पुस्तक न वाचताही माहीत आहे. त्या कामातील उणीवही सांगतो: नेमणूक बहुधा कंत्राटदारामार्फत असते आणि रात्री तुम्ही एकटेच असता. म्हणून थेट तिथे न जाता आधी दोन वर्षे कॅज्युअल्टीत काढावीत, म्हणजे छातीत दुखणारा कामगार समोर आला तर आम्लपित्ताची गोळी देऊन परत पाठवण्याची चूक होणार नाही.

निवृत्त_पाठ्यनिर्देशिका

ओएचसीचा मुद्दा मला सुचला नव्हता. तो योग्य आहे. माझी फक्त एक सूचना. राजीनामा देण्यापूर्वी पंधरा दिवस रजा काढावी आणि ओळखीने एखाद्या रुग्णालयात सकाळी सहा ते दुपारी दोन मामांसोबत काम करावे. जखमेतील रक्त तुम्ही पाहिले आहे. पण अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची पाठ पुसणे, तीही दिवसातून चारदा आणि त्याच्या शिव्या ऐकत, हे तुम्ही पाहिलेले नाही. अपघात रोज होत नाहीत, पाठ मात्र रोज पुसावी लागते.

चाकण_पहिली_पाळी

सर्वांचे आभार. पत्नीला हा संवाद काल रात्री वाचायला दिला. तिने वहीत तीन वर्षांचा खर्च मांडला आणि घराचे हप्ते कमी करून मुदत वाढवता येईल का, हे बँकेत विचारायचे ठरले आहे. ओएचसीतील ब्रदरच्या ओळखीने पुढील सोमवारपासून निगडीच्या एका छोट्या रुग्णालयात पंधरा दिवस जाणार आहे. मी खुल्या प्रवर्गातील असल्याने सरकारी नोकरीचा विचार सोडला आहे.

एक शेवटची शंका आहे. १२वीनंतर इतक्या वर्षांचा खंड आहे, त्याबद्दल प्रवेशाच्या वेळी काही कागद लागतो का?

निवृत्त_पाठ्यनिर्देशिका

खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र मागतात. या काळात अन्यत्र कोणत्याही अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला नव्हता, एवढाच त्याचा आशय असतो. तसेच शाळा सोडल्याचा मूळ दाखला कारखान्याच्या कार्यालयात अडकलेला असेल तर तो आजच मागून घ्यावा, त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो.