पाण्याकाठी जायचं तर पणजीच का?

शहापूरकर
काल इथं एकानं लिहिलं, "बेळगावात पोरांना न्यायला पाण्याकाठी धड एक जागा नाही. सुट्टी लागली की पणजी गाठा, मांडवीत बोटीत बसवा." राग आला म्हणून लिहितोय. किल्ला तलाव दिसत नाही काय तुम्हाला? ११० मीटरचा ध्वजस्तंभ २०१८ पासून उभा आहे तिथं. माझी सहा वर्षांची पोरगी मान दुखेस्तोवर वर बघते. तिथनं किल्ल्यात शिरा, कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराच्या छतातलं दगडी कमळ दाखवा. १८९२ साली विवेकानंद राहिले ते घर रामकृष्ण आश्रमानं जपलंय. पोरांना हे दाखवायचं सोडून चोर्ला घाटातल्या वळणांवर ओकाऱ्या काढायला लावायच्या?

टिळकवाडीची आई
तो लिहिणारा माझा नवरा. आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा खांबावर झेंडा नव्हता. रिकामा खांब बघून मुलगा विचारतो, "आई, झेंडा कुठंय?" काय सांगू? दगडी कमळ मला आवडतं, आठ वर्षांच्या पोराला पाण्यात हात घालायचा असतो.

खानापूरकर
पणजीला जा, पण क्रूझवर पैसे घालू नका. पणजी-बेती फेरीबोटीत चालत चढणाऱ्याला तिकीटच नाही. पोरं दोनदा गेली, दोनदा आली, खूश. मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या बोटी दाखवून मुलाला काय शिकवणार?

निपाणीकर
आम्हाला रंकाळाच जवळ. सांजवेळी शालिनी पॅलेसची सावली पाण्यात पडलेली, हातात भेळेचा कागद. यापुढं मांडवी फिकी.

टिळकवाडीची आई
भेळेचं राहू द्या. मागच्या उन्हाळ्यात एका तलावावर (नाव घेत नाही) मुलाला मोठ्या माणसाचं लाइफ जॅकेट घातलं. पट्टे आवळूनसुद्धा खांद्यावरनं निसटत होतं. पाण्यात पडला असता तर जॅकेट वर आणि पोर खाली. लहान मापाचं मागितलं तर बोटवाला म्हणाला, "काही होत नाही ताई." त्यावर नियम मराठीत कुठं लिहिलेत का बघितलं, फलक फक्त कन्नडात.

खानापूरकर
हे खरं दुखणं! माझी आई सत्तरीची. आयुष्य इथं काढलं, तरी बागेत गेली की पाटीवर काय लिहिलंय ते नातवाला विचारते.

गोकाकचा जावई
नातू वाचतो ना? मग त्रास कसला? मी घरी मराठी, शाळेत कन्नड. दोन्ही येतात, माझं काही कमी झालं नाही. आल्या-आल्या पाटीचा वाद काढायची सवय सोडा की ओ.

खानापूरकर
सवय म्हणता? म्हातारीला या वयात कन्नड अक्षरं गिरवायला लावायची काय? "खोल पाणी" हे दोन शब्द मराठीत लिहिले तर कन्नडचं काय जातंय?

गोकाकचा जावई
काही जात नाही. पण तुमची पोरंही कन्नड शिकायला नको म्हणतात, ते का सांगत नाही?

खानापूरकर
माझी पोरगी कन्नडात वर्गात पहिली आली. माहिती नसताना बोलू नका!

निपाणीकर
विषय पोरांना कुठं न्यायचं हा होता.

गोकाकचा जावई
पोरगीचं माहीत नव्हतं, शब्द मागं घेतो. धोक्याची पाटी दोन्ही भाषांत हवी, एवढं मान्य. बाकीचं नाही.

शहापूरकर
जॅकेटचं वाचून अंगावर काटा आला. मी कधी माप बघितलंच नव्हतं. झेंड्याचंही वहिनींचं बरोबर, नसतो कधीकधी. तरी पणजीच एकमेव, हे मला पटत नाही. रविवारी पाचला पोरीला घेऊन किल्ला तलावावर आहे, या.

टिळकवाडीची आई
येते. बोटीत बसवणार नाही. आणि उन्हाळी सुट्टीत पणजीला जाणारच, पण फेरीबोटीनं.