पार्किंगचा ठराव उपनिबंधक रद्द करू शकतात का? (पाचपाखाडी, सोसायटी ग्रुप)

ए-५०१, सावंत: सर्वांच्या माहितीसाठी टाकतोय. पार्किंग दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटायचा ठराव मला मान्य नाही. मी बिल्डरला स्टिल्टचे (इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगचे) वेगळे पैसे मोजलेत. उद्या सहकार खात्याच्या उपनिबंधक (रजिस्ट्रार) कार्यालयात अर्ज देतोय. ठराव रद्द करा आणि कमिटी बरखास्त करा, दोन्ही मागणार.

बी-१०४: दादा, माझी पण सही घ्या. एकदा कमिटीच्या जागी उपनिबंधकांनी नेमलेला प्रशासक बसला की सगळे सरळ होतील.

सेक्रेटरी: अर्ज करणं तुमचा हक्क आहे, कोणी अडवणार नाही. देशपांडे काकू, तुम्ही इतकी वर्षं सोसायट्यांचं ऑडिट केलंत. रजिस्ट्रारना ठराव रद्द करता येतो का?

सी-२०१, देशपांडे काकू: नाही येत. जरा लांब लिहितेय, पण वाचा.

आदर्श उपविधींमधला (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांमधला) क्रमांक १७४ काढा. कुठली तक्रार कोणाकडे न्यायची ते तिथे लिहिलंय. सभेच्या ठरावावरचा वाद, पार्किंग, गळती, जास्तीची वसुली, हे सगळं सहकार न्यायालयाचं काम, १९६० च्या सहकार कायद्यातल्या कलम ९१ खाली. बेकायदा बांधकाम असेल तर महापालिका. धमक्या असतील तर पोलीस.

उपनिबंधकांकडे काय न्यायचं? सभासदत्व नाकारलं, कागदपत्रांच्या नकला दिल्या नाहीत, वार्षिक सभा घेतली नाही, फ्लॅट विकताना २५,००० रुपयांच्या वर ट्रान्सफर प्रीमियम मागितला, भाड्याने दिलेल्या घराला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतलं जाणारं) लावलं. अशा वेळी त्यांनी हात वर केले तर मी स्वतः तुमच्याबरोबर तिथे येऊन बसेन.

बी-१०४: पण काकू, सोसायटी त्यांच्याकडेच नोंदलेली ना? मग मालक तेच.

सी-२०१, देशपांडे काकू: मालक नाहीत हो. नोंदणी करणं, हिशेब आणि कारभार कायद्याप्रमाणे चाललाय का ते पाहणं, हे त्यांचं काम. कोणाची गाडी कुठल्या खांबाशी लागेल हे सर्वसाधारण सभा ठरवते.

डी-६०३: मी वकिली करते म्हणून एक भर घालते. राज्यघटनेत ९७ व्या दुरुस्तीने कलम ४३ब आलं. सहकारी संस्थांचा कारभार स्वायत्त आणि नियंत्रण लोकशाही पद्धतीचं असावं, असं त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्या दुरुस्तीतला मोठा भाग राज्यांतल्या संस्थांपुरता रद्द केला, पण हे कलम कायम आहे.

ए-५०१, सावंत: म्हणजे कमिटीने काहीही केलं तरी वर कोणी नाही?

सी-२०१, देशपांडे काकू: आहे ना. पैशांत गडबड वाटत असेल तर एकपंचमांश सभासदांनी मिळून कलम ८३ खाली चौकशी मागावी. बरखास्तीसाठी कलम ७८अ आहे, पण तिथे कामातली कसूर किंवा संस्थेच्या हिताला बाधा दाखवावी लागते, कमिटीला नोटीस देऊन तिचं ऐकावं लागतं, सोसायट्यांच्या फेडरेशनचा सल्ला घ्यावा लागतो. ठराव पसंत नाही एवढ्यावर कमिटी जात नाही.

आणि बी-१०४, प्रशासक हवा म्हणताना विचार करा. माझ्याकडे ऑडिटला असलेल्या एका सोसायटीत प्रशासक होते. माणूस सज्जन, पण त्यांच्याकडे आणखी सोसायट्या. लिफ्टचा दोर बदलायचा होता. तीन कोटेशनं, बिलावर सही, चेकवर सही, प्रत्येक वेळी त्यांची वाट बघायची. चौथ्या मजल्यावरच्या गुडघे दुखणाऱ्या आजी तोवर जिना एकेक पायरी बसत उतरायच्या. आपल्याच इमारतीची किल्ली आपण होऊन दुसऱ्याच्या हातात द्यायची, हे मला खरंच पटत नाही.

ए-५०१, सावंत: ठीक आहे. पण माझे पैसे गेले त्याचं काय?

डी-६०३: दादा, दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय की मोफा म्हणजे महाराष्ट्र फ्लॅट मालकी कायद्याखालच्या इमारतीत स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. आपली इमारत त्याच कायद्याखालची. पैशांचा वाद बिल्डरशी आहे, तो दिवाणी न्यायालयात. तिथे उपनिबंधकांचा संबंध येत नाही.

सेक्रेटरी: सभेच्या इतिवृत्ताची नक्कल हवी असेल तर लेखी अर्ज आणि फी ऑफिसात द्या, पोच देतो. ती आम्ही अडवली तर मात्र रजिस्ट्रारकडे जरूर जा.

ए-५०१, सावंत: नक्कल घेतो, मग ठरवतो. काकू, माझं ॲग्रीमेंट एकदा बघाल का?

सी-२०१, देशपांडे काकू: या संध्याकाळी सहानंतर. बिल्डरची पावती असेल तर तीही आणा. सेक्रेटरी, वाटप फक्त एका वर्षापुरतं आहे असं ठरावात स्पष्ट लिहिलंय का ते तपासा. नसेल तर पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत दुरुस्ती घ्या, नाहीतर सहकार न्यायालयात पहिला प्रश्न तिथेच येईल.