दत्तक लेकरं वयात येताना: तुमचे अनुभव लिहा

मृद्गंध:
काल नणंदेचा फोन आला, लेकाने उचलला. ती बराच वेळ "दादा, दादा" करत सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल बोलत होती. शेवटी तो म्हणाला, "आत्या, मी आहे गं. बाबा अंघोळीला गेलाय." वर्षभर चिरकणारा आवाज आता बसलाय आणि हुबेहूब बाबाचा झालाय. ते लांबलचक "हांऽऽ बोल"सुद्धा तसंच!
पाच महिन्यांचा असताना घरी आणला तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या, "आत्ता ठीक आहे, वयात आला की कळेल." ते वाक्य इतकी वर्षं मनात रुतून होतं. आला आता वयात. काय कळलं? घरात दूध पुरत नाही, बाबाच्या चपला हाच घालून जातो, दारं आपटतो, आणि मी आजारी असले की न सांगता कुकर लावतो. मला फार आनंद झालाय आणि तो मोठ्याने सांगायचाय. इथे दत्तक पालक बरेच आहेत, लिहा ना तुमच्या पोरांचं. रडू आलं तरी चालेल, पण कौतुक भरपूर करा.

भाकरी_ठेचा:
अभिनंदन गं! उंची किती झाली?

मृद्गंध:
माझ्या डोक्यावरून पलीकडचं बघतो 😀

सह्यकडा:
आमची लेक सहा वर्षांची असताना ओडिशातून आली. न्यायाधीशांनी तिला जवळ बोलावून विचारलं, यांच्याकडे जायचं ना? तिने बायकोच्या पर्सकडे बोट दाखवलं, त्यात बिस्किटं होती. सुरुवातीला ती ओडियात रडायची, आम्ही मराठीत समजूत काढायचो. आता चौदाची आहे आणि केस कापण्यावरून आजीशी अस्सल सातारी ठसक्यात भांडते, "आज्जे, क्यास माझं हायत!" वाढदिवस साधाच करतो, घरी आल्याचा दिवस मात्र जोरात. यंदा मैत्रिणींना बोलावलं आणि मला बजावलं, "बाबा, गोष्ट मी सांगणार, तू मध्ये बोलायचं नाही." बसलो गप्प. काय सुंदर सांगितली पोरीने! उन्हाळ्यात अजून पखाळ भात मागते, आता घरात सगळेच खातो.

रानजाई:
सह्यकडा दादा, डोळ्यात पाणी आणलंत.
माझ्या लेकीला पाळी आली, नंतर फार अनियमित, म्हणून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सवयीने विचारलं, आईला कितव्या वर्षी आली होती? मी तोंड उघडायच्या आत ही शांतपणे म्हणाली, "मी दत्तक आहे, ते आम्हाला माहीत नाही. तुम्ही पुढचं विचारा." बारा वर्षांची पोर! लहानपणापासून सांगत आलो त्याचं चीज झालं. बाकी सगळं नॉर्मल निघालं. कुकर झाला, नंतर लिहिते.

गोदाकाठ:
मी एकल आई. दाढी कोण शिकवणार याचीच मला काळजी! माझ्या भावाने दुबईहून व्हिडिओ कॉलवर शिकवलं. हा फोन आरशाला टेकवून उभा, तिकडे मामाच्या तोंडाला फेस, इकडे याच्या. भावाला मूलबाळ नाही. त्या दिवशी फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाली, हे आज दिवसभर शीळ घालतायत.

तिखटमीठ:
गोदाकाठ ❤️ मामा लोकांचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

इंद्रायणी:
दहावीच्या विज्ञान भाग २ चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. वर्गात बाईंनी प्रत्येकाला, तुझं नाक कुणासारखं, विचारलं. माझा मुलगा म्हणाला, माझ्यापासून नवीन सुरुवात. बाईंनी घरी फोन करून कौतुक केलं.

नवी_पालवी:
माफ करा, थोडं अवांतर. आम्ही नुकतीच 'कारा'च्या (केंद्र सरकारची दत्तक प्रक्रिया पाहणारी संस्था) पोर्टलवर नोंदणी केली. कोर्टाला किती वेळ लागतो?

सह्यकडा:
आता कोर्ट नाही. २०२२ पासून जिल्हाधिकारी आदेश देतात. आमच्या वेळी कोर्ट होतं. बाळ घरी आल्यावर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाहणीला येतात, त्याची धास्ती घेऊ नका. आमच्या ताई चहा घेऊन लेकीशी लगोऱ्या खेळून जायच्या. प्रतीक्षा मात्र लांब आहे, दोघं मिळून काहीतरी शिकायला घ्या. शुभेच्छा!

चाफा:
मी दुसऱ्या बाजूची. दत्तक लेक, आता स्वतःची नोकरी, स्वतःचं घर. पंधराव्या वर्षी आईला विचारलं होतं, मला जन्म देणारीला शोधता येईल का? ती ओट्याशी भाजी चिरत होती. सुरी ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, "येईल. मी येईन तुझ्याबरोबर." ज्यांची मुलं आत्ता विचारतायत त्यांच्यासाठी: अठरा पूर्ण झाल्यावर मूल स्वतः अर्ज करू शकतं, त्याआधी पालकांबरोबर करायचा असतो. मूळ पालकांची गोपनीयता जपतात, म्हणून सगळं कळेलच असं नाही. मी अजून अर्ज केलेला नाही. करेन कदाचित. आई सोबत येणार हे ठाऊक होतं, म्हणून माझं ते वय फार सुखाचं गेलं. मृद्गंध, पोराचे भरपूर लाड करा.

मृद्गंध:
चाफा, तुझं लिहिणं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. दोघंही बराच वेळ बोललो नाही. तुझ्या आईला नमस्कार सांग.

रानजाई:
आले परत. चाफा, माझी लेक हल्ली हेच विचारते. आज रात्री तिला सांगते, मीही येणार म्हणून.

भाकरी_ठेचा:
सह्यकडा, तो पखाळ भात कसा करता? आमच्याकडे ऊन मी म्हणतंय.

सह्यकडा:
लेकीला विचारून लिहितो. रात्रीचा भात पाण्यात भिजवायचा एवढं मला माहीत, पुढचं खातं तिचं.

सह्यकडा:
ती म्हणते, सकाळी दही, मीठ, हिरवी मिरची घाला, वर मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. सोबत भाजलेलं वांगं पाहिजेच, आणि फ्रीजमध्ये भिजत घालू नका, आंबत नाही.