बॅटरी बदलण्याआधी रेग्युलेटर तपासावा

गाडीचे बल्ब वारंवार उडतात आणि बॅटरीतले पाणी लवकर आटते, या तक्रारीवर बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला गेला आहे. परंतु ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली की संशय आधी रेग्युलेटरवर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या भागावर, घ्यावा. बॅटरीच्या दोन टोकांना मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे उपकरण) लावल्यावर इंजिन बंद असताना सुमारे १२.६ आणि इंजिनचा वेग वाढवल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १५ च्या वर चढत राहिला तर रेग्युलेटर बहुधा निकामी आहे. मात्र आपल्या गोव्यात, विशेषतः कळंगुटसारख्या किनारी भागात, खाऱ्या हवेने अर्थिंगचे (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडणारे) जोड गंजतात आणि रेग्युलेटरला बॅटरीचे खरे व्होल्टेज कळत नाही; मग तो चांगला असूनही आकडा वर चढू शकतो. म्हणून इंजिन चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक आणि रेग्युलेटरची बॉडी यांमधला व्होल्टेजचा फरकही अवश्य मोजावा. तो ०.२ व्होल्टहून अधिक असल्यास आधी जोड घासून स्वच्छ करावेत.